सिलिंडर बंद, तरी अलार्म चालू: कॅम्पर ट्रेलरच्या गॅस डिटेक्टरचं आमचं प्रकरण

इंदूरात कॅम्पर ट्रेलर घेऊन फिरणारी मराठी कुटुंबं फारशी नाहीत. त्यामुळे काही अडलं तर विचारायचं कुणाला, इथपासून तयारी. आमचा गॅस डिटेक्टर कारण नसताना वाजायला लागला तेव्हा जे सल्ले मिळाले, त्यातले निम्मेअर्धे ‘तार काढून टाका’ इथेच संपत होते. ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 असं हे प्रकरण चाललं. जसं घडलं तसं क्रमाने लिहून ठेवते, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आधी ट्रेलरबद्दल थोडं. पुण्याकडच्या एका वर्कशॉपमध्ये बांधून घेतलेला, दोन माणसांपुरता. पलंग, छोटा ओटा, दोन बर्नरची शेगडी, 12 व्होल्टवर चालणारा फ्रिज. गॅसचा 5 किलोचा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. त्या कप्प्याला आतून दार नाही आणि तळाला जाळी. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर घराच्या पत्त्यावरचा, तो गाडीत न्यायचा नाही. हा छोटा मात्र ओळखपत्र दाखवून सुटा मिळतो. पलंगाखाली 100 अँपिअर-अवरची बॅटरी, आणि त्याच पलंगाच्या फळीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर डिटेक्टर.

‘इतक्या खाली का बसवलाय?’ हे प्रत्येक पाहुण्याने विचारलं. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की तो जमिनीलगत साठतो. पाइपच्या गॅसमधला मिथेन हलका, म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ असतो. एकाचा डिटेक्टर दुसऱ्यासाठी वापरता येत नाही, हे खरेदी करतानाच दुकानदाराकडून पक्कं करून घ्या. (ट्रेलरची नोंदणी गाडीपेक्षा वेगळी करावी लागते. त्यासाठी नायता मुंडल्याच्या आरटीओत जे झालं, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

ट्रेलर दिवाळीच्या तोंडावर आला. लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत, फाटकाच्या आत कसाबसा बसवला. वसुबारसेच्या रात्री दोनच्या सुमारास अलार्म झाला. हे आवाज फार मोठे असतात, साधारण 85 डेसिबल, आणि ते योग्यच आहे, झोपलेल्या माणसाला उठवायचं असतं. पण उठली सगळी गल्ली. आम्ही दिव्याच्या कुठल्याही खटक्याला हात न लावता ट्रेलरचं दार सताड उघडलं आणि सिलिंडरची किल्ली बंद करायला गेलो, तर ती आधीच बंद! रेग्युलेटरसुद्धा लावलेला नव्हता. वास काहीच नाही. दहाएक मिनिटांत आवाज थांबला. दार लावल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. उरलेली रात्र दार उघडं ठेवून काढली. शेजारच्या काकू सकाळी म्हणाल्या, “अगं, फटाक्यांचा धूर गेला असेल आत.” फटाके तर अजून सुरूही झाले नव्हते.

गॅस एजन्सीत गेले. काउंटरवर पहिला प्रश्न: कनेक्शन नंबर? सुट्या सिलिंडरला कनेक्शन नसतं. मग दुसरा प्रश्न: पत्ता? गाडी हा पत्ता होत नाही. रजिस्टरमध्ये गाडीसाठी रकानाच नाही, त्यामुळे तक्रार लिहायची कुठे यावर त्यांचीच आपसात चर्चा झाली. शेवटी घरच्या कनेक्शनवर नोंद घेतली आणि मेकॅनिक दिवाळीनंतर येईल असं सांगितलं. तो भाऊबीज झाल्यावर आला. शांत माणूस. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन त्याने सिलिंडरच्या तोंडापासून शेगडीपर्यंत प्रत्येक जोड भिजवला. कुठेही बुडबुडा नाही. सिलिंडरच्या कड्यावर लिहिलेली चाचणीची मुदतही त्याने दाखवली. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत, आणि पुढे वर्ष. आमच्यावर बी-27 होतं, म्हणजे जून 2027 पर्यंत चिंता नाही. सिलिंडर घेताना हे वाचून घ्यायला एक मिनिट लागत नाही. नळीवरचा आयएसआय शिक्का आणि तारीख बघितली. निघताना म्हणाला, “गैस तो नहीं है मैडम, पर मशीन झूठ बोल रही है, ये मैं लिख के नहीं दूँगा.” पावती दोनशे छत्तीस रुपयांची.

त्याचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढचे सगळे महिने आम्ही त्याच धोरणाने वागलो: वाजला की आधी गॅस आहे असंच धरायचं, दार उघडायचं, बाहेर पडायचं, किल्ली बघायची. कारण शोधायचं ते नंतर, दिवसाउजेडी.

वर्कशॉपला फोन केला. ते म्हणाले, ट्रेलर नवा आहे, प्लायवूड आणि लॅमिनेट चिकटवायच्या गोंदाची वाफ अजून निघत असेल. हे बरोबर होतं, आणि का बरोबर होतं ते मला डिटेक्टरचं माहितीपत्रक नीट वाचल्यावर कळलं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक डिटेक्टरमध्ये टिन ऑक्साइडचा एक तापवलेला कण असतो. जळू शकेल अशी कुठलीही वाफ त्याला लागली की त्यातून वीज सोपी वाहते, आणि ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की अलार्म. ती वाफ एलपीजीची, गोंदाची की सॅनिटायझरची, हे त्याला ओळखता येत नाही. दाराशी कुणीही आलं तरी भुंकणाऱ्या कुत्र्यासारखंच ते. पाहुणा की चोर, हे बघायला आपणच उठायचं. आणि त्याला भुंकावं लागतं ते फार लवकर: हवेत साधारण 2 टक्के एलपीजी झाला की तो पेट घेऊ शकतो, म्हणून अलार्म त्याच्या बऱ्याच आधी, त्या प्रमाणाच्या छोट्या हिश्श्यालाच वाजेल असा ठेवलेला असतो. इतक्या कमी प्रमाणावर लक्ष ठेवायचं म्हटलं की इतर वाफाही सापडणारच.

नोव्हेंबरभर ट्रेलर दिवसा उन्हात दारं-खिडक्या उघडी टाकून ठेवला. एक शाळेची वही त्यात ठेवली. वाजला की तारीख, वेळ, दार-खिडकी, शेगडी, फ्रिज, चार्जर चालू की बंद, आणि आसपास काय वापरलं, एवढं लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण या सगळ्या प्रकरणात माझ्या मते सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू ती वीस रुपयांची वही.

दिवसाचे अलार्म वहीत लगेच उलगडले. ओटा स्पिरिटने पुसला की वाजतो. ह्यांनी बंद दारात डिओडरंट मारला की वाजतो. दार-खिडकी लावून हिंग-मोहरीची फोडणी केली की, तेल जरा जास्त तापलं असेल तर, वाजतो. हे सगळं टाळता येण्यासारखं. ओटा साबणाच्या पाण्याने पुसायचा, डिओडरंट बाहेर, फोडणीला खिडकी उघडी. गोंदाचा वासही महिनाअखेरीस गेला. आम्हाला वाटलं, झालं.

डिसेंबरमध्ये महेश्वरला गेलो. मानपूरचा घाट ट्रेलर ओढत उतरायचा म्हणजे सगळं लक्ष आरशात. नर्मदेच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतात उभे राहिलो. थंडी चांगली होती. पहाटे चारनंतर अलार्म, पण आवाज वेगळा. सलग न वाजता थांबून थांबून एकेक टिक. माहितीपत्रकात बघितलं तर ही खूण वीज कमी पडल्याची. हे वेगळे आवाज आधीच ऐकून ठेवावेत. अंधारात पत्रकाची पानं उलटण्यात मजा नसते. आमच्या यंत्रात सलग आवाज म्हणजे गॅस, तुटक म्हणजे व्होल्टेज, आणि पिवळा दिवा लागून राहिला तर यंत्राचं आयुष्य संपलं. तुमच्या यंत्रात वेगळं असू शकतं.

बॅटरीवर मल्टिमीटर लावला: 10.6 व्होल्ट. फ्रिज रात्रभर चालला होता हे खरं, पण तो फार तर वीस-पंचवीस अँपिअर-अवर खातो. 100 च्या बॅटरीने त्यात झोपायला नको. हा आकडा मी वहीत लिहिला आणि त्याला चौकट केली. चौकट का केली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

इंदूरला परतल्यावर ट्रेलर घरच्या सॉकेटवरून रात्री चार्जिंगला लावला. तीन वाजता सलग अलार्म. दार उघडलं आणि पहिल्यांदाच वास आला, सडक्या अंड्याचा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात, आणि त्याचा वास याच जातीचा. आतापर्यंतचे अलार्म मी थोड्या निबरपणे घेत होते, पण त्या रात्री हात थरथरले. ह्यांनी ट्रेलरमधल्या चार्जरला हात लावला नाही. घरातल्या मीटरबोर्डवरचा त्या लाइनचा एमसीबी पाडला. प्लग आतून ओढताना ठिणगी पडू शकते, म्हणून वीज दुरूनच तोडायची. सिलिंडर काढून अंगणाच्या टोकाला उघड्यावर उभा केला आणि 1906 ला फोन लावला. हा एलपीजी गळतीचा आपत्कालीन नंबर, चोवीस तास चालू असतो. फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा. माणूस आला, तपासलं, गळती नाही. कागदावर तसं लिहूनही दिलं, आणि नंतर बॅटरीच्या वॉरंटीच्या वेळी तो कागद कामाला आला.

दुसऱ्या रात्री सिलिंडर अंगणातच, ट्रेलरच्या बाहेर. दारं उघडी ठेवून, आम्ही घरात जागे राहून, चार्जिंग सुरू केलं. काही तासांनी अलार्म. आता एलपीजीचा प्रश्नच मिटला होता. वही काढून बसलो. रात्रीच्या सलग अलार्मच्या सगळ्या नोंदींपुढे चार्जरच्या रकान्यात ‘चालू’ लिहिलेलं, आणि वही नव्हती त्या वसुबारसेच्या रात्रीही चार्जर चालूच होता. दिवसाच्या नोंदींमुळे ते झाकलं गेलं होतं.

याच सुमारास सल्ल्यांचा जोर वाढला. एका इलेक्ट्रिशियनने “अरे भिया, फ्यूज ही निकाल दो, सेंसर सड़ गया है” असं सांगून पन्नास रुपये घेतले. नात्यातल्या एका गृहस्थांनी डिटेक्टरवर चिकटपट्टी लावायचा उपाय सुचवला. ह्यांचीही झोप इतकी मोडली होती की एकदा तेसुद्धा म्हणाले, “काढूनच टाकू का?” मी नाही म्हटलं. बंद खोक्यात, शेगडीपासून हातभर अंतरावर झोपायचं आणि सांगणारं एकमेव यंत्र मुकं करायचं, हे मला पटलं नाही, आजही पटत नाही.

उत्तर मिळालं महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर माणसाकडे. बॅटरी सुमारे तीस किलोची. रिक्षातून उभीच न्यायची, आडवी केली तर आम्ल सांडतं. सोडवताना आधी ऋण टोकाची तार, मग धन. आणि जुने कपडे घाला, आम्लाचा थेंब सुती कापडाला लागला की चार दिवसांनी तिथे भोक दिसतं. त्यांनी काही न विचारता सहाही बुचं उघडली आणि आम्ल किती दाट आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या हायड्रोमीटरने बॅटरीचं एकेक घर (सेल) मोजलं. पाच घरांत 1.250 च्या आसपास. सहाव्यात 1.120. “ये घर मर गया,” एवढंच म्हणाले. पाण्याची पातळीही सगळीकडे खाली गेली होती.

मग सगळं जुळलं. 12 व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्टची सहा घरं असतात. एक मेलं की उरतात पाच, म्हणजे साडेदहाच्या जवळपास; माझा चौकटीतला 10.6. चार्जर 14.4 व्होल्ट होईपर्यंत जोर लावायचा आणि मग हात आखडता घ्यायचा, असा बनवलेला. पाच घरांची बॅटरी तिथे पोचायलाच तयार नाही, म्हणून तो रात्रभर जोर लावत राहतो आणि धडधाकट पाच घरं उकळत राहतात. उकळताना पाण्यातून हायड्रोजन सुटतो, आणि फार तापल्यावर हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्याचा वास. हायड्रोजन खरं तर सगळ्यांत हलका, वर जाणारा. पण बॅटरी पलंगाखालच्या बंद कप्प्यात होती आणि तारा बाहेर काढायला पाडलेलं भोक नेमकं डिटेक्टरच्या पाठीशी होतं. हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला तरी पेटतो. म्हणजे ज्याला आम्ही खोटा अलार्म म्हणत होतो, तो गॅस चुकीचा सांगत होता, धोका नव्हे.

त्यानंतरचा काळ वॉरंटीचा. बॅटरी ट्रेलरसोबत आलेली, बिल वर्कशॉपच्या नावावर, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही. इंदूरच्या विक्रेत्याने मूळ बिल, कार्ड, बॅटरीवरच्या क्रमांकाचा फोटो आणि ‘ही बॅटरी अमुक ट्रेलरमध्ये बसवून अमुक ग्राहकाला दिली’ असं वर्कशॉपचं पत्र मागितलं. पत्र साध्या कागदावर आलं, परत गेलं. शिक्का-सहीसह लेटरहेडवर यायला जानेवारी उजाडला. मग बॅटरी तीन दिवस त्यांच्याकडे चार्ज करून तपासायची, त्याशिवाय ते अर्ज पुढे पाठवत नाहीत. मध्ये संक्रांत, मध्ये त्यांचा तपासणारा माणूस सुट्टीवर. घरातलं बोलणं थोडं तिखट झालं होतं, तिळगूळ देऊनही. 1906 वाल्या माणसाने दिलेला ‘गळती नाही’ हा कागद अर्जाला जोडला, त्यावर विक्रेत्याने पहिल्यांदा आमच्याकडे गंभीरपणे पाहिलं. फेब्रुवारीत बदली बॅटरी मिळाली, फुकट. वाहतूक आणि तपासणी मिळून सहाशेच्या आत खर्च. एक सांगते: बिल पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर मागून घ्या आणि कार्डावर शिक्का मारून घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका.

नवी बॅटरी जुन्याच जागी तशीच ठेवण्यात अर्थ नव्हता. सियागंजमधून झाकणाचा प्लॅस्टिकचा बॅटरी बॉक्स आणला, साडेनऊशे रुपये. त्याच्या वरच्या अंगाला नळी जोडून ती ट्रेलरच्या भिंतीतून बाहेर काढली. वरच्याच अंगाला, कारण हायड्रोजन वर जमतो. तारांच्या भोकांना रबरी बूच बसवलं. सुतार सिलिकॉन लावून बुजवतो म्हणत होता, पण सिलिकॉनच्या वाफेने हा सेन्सर कायमचा बधिर होऊ शकतो. मग तो खोटा वाजत नाही, खराही वाजत नाही. डिटेक्टर पलंगावरून काढून ओट्याच्या पायथ्याशी हलवला, उंची तीच वीतभर. मजुरी आठशे. चार्जरची सेटिंगही तपासली: चढता टप्पा 14.4, नंतर धरून ठेवायचा 13.6. मल्टिमीटर साडेचारशेचा आणि हायड्रोमीटर दोनशेचा, हे दोन्ही आता ट्रेलरच्या खणातच असतात. महिन्याला एकदा सहाही घरं मोजते आणि डिस्टिल्ड वॉटर घालते, नळाचं नाही.

लिथियम बॅटरी घ्यावी का, यावर बराच खल झाला. तिच्यातून चार्जिंगला असा हायड्रोजन निघत नाही, वजनही खूप कमी. पण किंमत तेव्हा आमच्या आवाक्याबाहेर होती आणि चार्जरही बदलावा लागला असता. सध्या नको म्हटलं.

डिटेक्टर बदलला नाही. चाचणीचं बटण दाबलं की तो वाजतो, पण बहुतेक यंत्रांत त्या बटणाने फक्त भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, नाक नव्हे. म्हणून त्याच्या पाठीवरची तारीख महत्त्वाची. साधारण पाच ते सात वर्षांनी हे यंत्र बदलायचंच असतं. आमच्यावर 2029 लिहिलंय. वीज जोडल्यावर पहिली काही मिनिटं तो तापत असतो, तेव्हाच्या एखाद्या टिकटिकीने घाबरू नका. पावसाळ्यात सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाची जाळी चिखलाने बुजते, तीही बघत चला.

रंगपंचमीच्या गेरीची, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीची, गर्दी टाळायला मार्चमध्ये मांडूला गेलो. चार्जिंग रात्रभर, डिटेक्टर गप्प. एकदा वाजला, तो भजी तळताना, आणि खिडकी उघडल्यावर थांबला. ट्रेलरच्या वायरिंगचा नकाशा पाठवतो असं वर्कशॉपने जानेवारीत कबूल केलं होतं, तो अजून आलेला नाही. आला तर कुठली तार कुठून जाते तेही लिहीन.